मुठीतला जोर

पहिल्या दिवशी यंत्राने निकाल दिला. मुरलीकृष्णच्या उजव्या मुठीत सतरा किलोचा जोर, आणि त्याच्या बायकोच्या मुठीत सव्वीस.

बायकोची मूठ मोजायचं खरं तर कारण नव्हतं. तंजावरच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात बारा आठवड्यांचा व्यायामाचा कार्यक्रम सुरू होत होता. सहा पेशंट, आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस सोबती म्हणून. चालण्याची परीक्षा झाली, मग मुठीचं यंत्र आलं. व्यायाम शिकवणारा प्रणवेश फिजिओथेरपी शिकलेला सत्तावीस वर्षांचा सडपातळ मुलगा होता. मुरलीकृष्णचा आकडा ऐकून खोलीत सगळे गप्प झाले, तेव्हा वातावरण हलकं व्हावं म्हणून त्याने यंत्र सुंदरीपुढे धरलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, तुम्हीपण दाबून बघा."

सुंदरीने दाबलं. काटा सव्वीसवर गेला. बाकीचे पेशंट हसले, मुरलीकृष्णही हसला. मग तिच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "घरांत पुरुष कोण तें मशीनला बरें कळलें."

"मशीनला आज कळलें. मज दहा वर्षें झालीं," सुंदरी म्हणाली.

तंजावरातल्या मराठी घरांना ही एक सोय असते. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात मनात येईल ते मराठीत बोलून टाकावं, समोरच्याला पत्ता लागत नाही. भाजीवाल्यादेखत त्याच्या भाजीला नावं ठेवावीत. सुंदरीला ही सवय माहेरापासूनची. यंत्राचा स्क्रू फिरवत बसलेल्या प्रणवेशकडे बघत ती तितक्याच सहज म्हणाली, "ही काडी तुम्हांस व्यायाम काय शिकविणार? फुंकर मारिली तर उडून जाईल."

प्रणवेश खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिला.

मुरलीकृष्ण ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत सहायक होता. भर दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपलेला तो दोनदा सापडला, तेव्हा साहेबांनी त्याला रजेवर घालवलं आणि बजावलं की आता केंद्राचं पत्र घेऊन या. व्यसन सुटलं, प्रकृती कामाजोगी झाली, असं लिहिलेलं पत्र. ते नसेल तर नोकरीची आशा धरू नका.

तो मुळात आडदांड माणूस. कॉलेजात कबड्डी खेळलेला. पण दारूने दंड आणि मांड्या आतून खाल्ल्या होत्या. जिना चढताना मध्येच थांबायचा, नारळ सोलायला बसला तर हात कापायचे. या अशक्तपणावरच सुंदरीचा संसार टिकून होता, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

घराला लोखंडी जाळीचं दार होतं. संध्याकाळी साडेसहाला ती त्याला आतून कुलूप लावायची. किल्ली आधी ती लपवायची, तांदळाच्या डब्यात, देवाच्या तसबिरीमागे, सासूच्या उशीखाली. मुरलीकृष्णला ती दर वेळी सापडायची. शेवटी तिने लपवणं सोडलं आणि किल्ली मुठीत धरून बसायला सुरुवात केली. तो यायचा, समोर बसायचा, तिची बोटं एकेक करून उघडायला बघायचा. पाच-दहा मिनिटं झटायचा. मग धाप लागून जमिनीवर बसायचा आणि रडायचा. मग ती त्याला रसम-भात वाढायची. त्या रडण्याची तिला कीव यायची. आणि खरं सांगायचं तर ते ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

केंद्राच्या डॉक्टर श्रीलक्ष्मी उमद्या बाई होत्या. त्यांचा व्यायामावर फार विश्वास. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की शरीर सुधारलं की झोप सुधारते, उदासी कमी होते, आणि मग दारू सोडणं सोपं जातं. भिंतीवर तमिळमध्ये पाटी होती. तमिळमध्ये कुडी म्हणजे दारू पिणं आणि पिडी म्हणजे पकड. कुडी सोडा, पिडी येईल, असा तिचा अर्थ.

रोज सकाळी सहाला मैदानावर चाळीस मिनिटं चालायचं. मग रबराचे पट्टे ओढायचे, उठाबशा काढायच्या, चेंडू दाबायचा. प्रणवेश प्रत्येकाच्या तोंडाला नळी लावून श्वासात दारू आहे का ते तपासायचा. शेवटी सोबत्याने कार्डावर सही करायची. कार्डावर दोन रकाने होते, व्यायाम केला का, आणि काल दारू घेतली का. 

पहिला महिना खरोखर सोन्यासारखा गेला. मुरलीकृष्ण स्वतःच्या पायांनी उठायचा, बूट घालायचा, तिला हाक मारायचा. तिसऱ्या आठवड्यात तो न थांबता जिना चढला आणि वर जाऊन लहान मुलासारखा तिच्याकडे बघत उभा राहिला. चौथ्या आठवड्यात त्याने सबंध नारळ सोलून दिला. सासूबाई हिराबाई खाटेवरून म्हणाल्या, "माझा मुरली परत आला गो." संध्याकाळी किल्ली मुठीत असायची, पण तो तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. सुंदरीने तेहेतीस सह्या केल्या. तेहेतीसही खऱ्या.

चौतिसाव्या संध्याकाळी तो येऊन तिच्यासमोर बसला.

"दे," तो म्हणाला.

"काय झालें हो? इतके दिवस बरे होतेत ना?"

"बरा आहें म्हणूनच मागतों. आज एकच. इतकी मेहनत केली, कोणी शाबास म्हटलें?"

"मी म्हणत्यें. शाबास. आतां भात वाढूं?"

त्याने तिचा हात हातात घेतला. तिने नेहमीप्रमाणे मूठ आवळली. त्याने अंगठा उचलला, मग तर्जनी, मग मधलं बोट. ओढाताण नाही, धाप नाही. तो हसत होता, जणू लहान मुलाच्या हातातून सुपारी काढून घेतोय. सारा मामला अर्ध्या मिनिटात आटोपला. कुलूप उघडून तो गेला, दीड तासाने परत आला तो ताठ चालत. पाय लटपटले नाहीत, जिन्यावर पडला नाही. शेजाऱ्यांना पूर्वी आवाजावरून कळायचं. आता कळायला काही उरलं नव्हतं.

"आपल्या पायांनीं आला," हिराबाई म्हणाल्या, "पूर्वीं दोघे जण धरून आणीत. हें काय थोडें आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाच्या नळीत काही आलं नाही. हेही तो त्या कार्यक्रमातच शिकला होता, वेळ पाळायला. साडेसातला प्यायचं, नऊला झोपायचं, पाचला उठायचं. पूर्वी तो दारूच्या मागे कसाही धावायचा. आता दारूलाही त्याने वेळापत्रकात बसवलं.

कार्ड पुढे आलं. प्रणवेशने तमिळमध्ये विचारलं, "काल संध्याकाळ कशी गेली?"

"बरी गेली म्हण आणि सही कर," मुरलीकृष्ण मराठीत म्हणाला, प्रणवेशकडे बघून हसत.

"कालच्या दिवसाची सही मी कशी करूं?"

"पत्र नको असेल तर नको करूंस. मग बस घरीं मला घेऊन."

तिने दारूच्या रकान्यात 'नाही'वर खूण केली आणि खाली नाव लिहिलं. प्रणवेशने कार्ड घेतलं, त्या सहीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुढच्या पेशंटकडे वळला.

एक खोटी सही झाली की दुसरीला हात अडत नाही. पुढे रोजचंच झालं. पहिले काही दिवस तिने मूठ आवळून पाहिली, नाही असं नाही. एकदा मनगट काळंनिळं झालं, एकदा अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. ती मैदानावर बाकावर बसून नवऱ्याला पट्टे ओढताना बघायची. खांदे भरत चालले होते, मान रुंद झाली होती. बाजूला बसलेली दुसऱ्या पेशंटची बायको म्हणायची, "तुमचे यजमान सगळ्यांत पुढे आहेत." सुंदरी मान डोलवायची. केंद्राने दिलेला चेंडू तो घरीही दाबत बसायचा, टीव्ही बघताना, शंभर उजव्या हाताने, शंभर डाव्या.

"तुम्ही हें कशासाठीं करितां तें मला ठाऊक आहे," ती एकदा मैदानावरच म्हणाली. प्रणवेश दोन हातांच्या अंतरावर त्याचा पट्टा सोडवत होता. "माझीं बोटें मोडायला."

"तुझीं बोटें आपणहून उघडलींस तर मोडणार कशास?" मुरलीकृष्ण म्हणाला.

प्रणवेशच्या हातातून पट्टा सुटला आणि चटकन त्याच्याच मनगटावर बसला. "सॉरी सर," तो तमिळमध्ये म्हणाला.

शेवटच्या परीक्षेत मुरलीकृष्ण सहा मिनिटांत पाचशे साठ मीटर चालला. पहिल्या दिवशी साडेतीनशेही झाले नव्हते. मूठ एकतीस किलो. डॉक्टर श्रीलक्ष्मींनी स्वतः येऊन त्याचा हात हातात घेतला. सुंदरीची मूठ या वेळी कोणी मोजली नाही.

त्याच संध्याकाळी, म्हणजे समारंभाच्या आदल्या दिवशी, ती शेवटची झटली. का झटली, ते तिलाही सांगता आलं नसतं. उद्या पत्र मिळणार होतं, एक संध्याकाळ कोरडी जावी, एवढंच मनात असेल. करंगळीत काहीतरी कट्कन वाजलं. मुरलीकृष्णही क्षणभर थांबला. मग किल्ली घेऊन गेला.

समारंभ शनिवारी सकाळी केंद्राच्या सभागृहात होता. सभागृह म्हणजे लांब खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबलावर सहा प्रशस्तिपत्रं आणि सहा शाली. हिराबाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरीच राहिल्या. सुंदरी करंगळी पदराआड धरून दुसऱ्या रांगेत बसली. मुरलीकृष्ण पांढऱ्या शर्टात बसला होता, बाह्या दंडाला तटतटून लागत होत्या.

डॉक्टरांनी एकेका सोबत्याला बोलायला उभं केलं. सुंदरीची पाळी आली. तिने तमिळमध्ये सगळ्यांचे आभार मानले आणि बसायला वळली.

"थांबा हो," डॉक्टर प्रेमाने म्हणाल्या. "तुम्ही घरी मराठी बोलता ना? मी कितीदा ऐकलंय, फार गोड वाटतं. तुमच्या भाषेत दोन शब्द बोला. आम्हाला कळलं नाही तरी चालेल."

लोक हसले. सुंदरीने माईक धरला. खोलीत पन्नास-एक माणसं असतील. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून बोलायला लागली. स्वर आभाराचाच होता.

"बारा आठवड्यांपूर्वीं ह्यांच्यानें माझी मूठ उघडत नव्हती. आतां उघडते. काल करंगळी उघडली ती अजून मिटत नाहीं. तुम्ही अवघ्यांनीं मिळून ह्यांस पाय दिलेत, हात दिलेत, दम दिलात. दारू मात्र होती तेथेंच आहे. रोज साडेसातला घेतात. कार्डावर चौऱ्यांशी सह्या माझ्या आहेत. त्यांतल्या तेहेतीस खऱ्या. बाकीच्या मी नोकरीसाठीं केल्या. डॉक्टरबाई, तुम्ही चांगल्या आहांत, तुमच्यावर माझा राग नाहीं. पण मी ह्या माणसास आजारी असतांना सांभाळूं शकत होत्यें. बरा झालेला मला झेपत नाहीं."

तिने हात जोडले. सभागृहाने जोरात टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांचे डोळे पाणावले होते. "भाषा कळली नाही, पण भावना कळली," त्या म्हणाल्या. मुरलीकृष्णही टाळ्या वाजवत होता. त्याचं हसू जागचं हललं नव्हतं, फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

नंतर व्हरांड्यात पोंगल आणि वडे होते. पुरुषांचे डॉक्टरांबरोबर फोटो चालले होते. सुंदरी हात धुवायच्या नळापाशी एकटी उभी राहिली. मनात काहीतरी हलकं झालं होतं. बोलून झालं होतं, आणि कोणाला कळलंही नव्हतं.

"अक्का, करंगळी दाखवा," मागून कोणीतरी मराठीत म्हणालं.

ती वळली. मागे प्रणवेशशिवाय कोणी नव्हतं. त्याच्या हातात चिकटपट्टीचं भेंडोळं आणि कात्री होती.

"माझी आजी बोलत्ये," तो अडखळत म्हणाला. "मला बोलायला नीट येत नाहीं. समजतें अवघें."

सुंदरीने विचारलं, "कधींपासून?"

"लहानपणापासून."

"तें नाहीं विचारिलें. आमचें बोलणें कधींपासून ऐकतोस?"

"पहिल्या दिवसापासून." तो भेंडोळं बोटांत फिरवत होता. "काडी म्हणालांत, तेव्हांच सांगणार होतों. मग वाटलें, तुम्हांस लाज वाटेल. दुसऱ्या दिवशीं सांगूं म्हटलें. मग मलाच लाज वाटली. मग... राहिलें."

"तुज सारें कळत होतें, आणि तूं कार्ड घेत होतास."

"तुम्ही सही करीत होतां, अक्का."

व्हरांड्यात कोणीतरी वडे संपले म्हणून ओरडत होतं. तीन महिने त्या खोलीत, त्या मैदानावर ती आपल्या भाषेत एकटी आहे असं समजून जे बोलली होती, ते सगळं सुंदरीला एकदम आठवलं. बोटांचं, सहीचं, पत्राचं. कुणीतरी आपल्याला आंघोळ करताना तीन महिने बघत होतं आणि आता येऊन टॉवेल देतंय, असं तिला झालं.

"डॉक्टरांनीं पत्रावर अजून सही नाहीं केली," प्रणवेश हळू म्हणाला. "टिफिन झाल्यावर करतील. तुम्ही म्हणा, मी आंत जाऊन सांगतों. मी ऐकिलें म्हणून सांगतों. परत औषध सुरू करतील, ठेवून घेतील कदाचित्."

"ते राहतील?"

तो पट्टीचं टोक शोधू लागला.

"आणि नोकरी?"

"पत्र नाहीं जाणार."

"मग हे घरीं. सबंध दिवस."

प्रणवेशने मान खाली घातली. सुंदरीने फोटो काढणाऱ्या घोळक्याकडे पाहिलं. मुरलीकृष्ण शाल पांघरून मध्ये उभा होता, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. पत्र गेलं तर तो सोमवारपासून आठच्या बसने ओरत्तनाडूला जाईल. संध्याकाळी सहाच्या आत यायचा नाही. दहा तास. दहा तास घरात ती आणि सासू. दाराला कुलूप नाही, मुठीत काही नाही. दोन्ही तळव्यांनी भाकरी थापता येईल, दुपारी पाठ टेकता येईल. त्यापुढे तिला काही दिसत नव्हतं, आणि तिने फार डोळे ताणलेही नाहीत.

"पत्र जाऊ द्या, सर," ती म्हणाली. तमिळमध्ये म्हणाली.

प्रणवेशने चमकून वर पाहिलं. त्याने मराठीत काही म्हणायला तोंड उघडलं. तिने नजर नळाकडे वळवली होती. तो परत तमिळवर आला. "बोट तरी बांधून देतो, अम्मा."

तिने हात पुढे केला. तो करंगळी शेजारच्या बोटाला जोडून पट्टी गुंडाळू लागला. तेवढ्यात मुरलीकृष्ण शाल सावरत आला. प्रणवेशला धाकटा भाऊ म्हणून हाक मारत तमिळमध्ये म्हणाला, "काय झालं, तंबी? लागलं काय हिला?"

"मुरगळलंय, सर."

"घरकामात भान नसतं हिला." मग तसंच हसत, बायकोकडे वळून, प्रणवेशच्या डोक्यावरून मराठीत, "भाषण बरें केलेंस. घरीं चल, मग बोलूं."

प्रणवेशची बोटं थांबली होती, ती पुन्हा चालू लागली.

"किती दिवस लागतील?" मुरलीकृष्णने विचारलं.

"तीन आठवडे," प्रणवेश म्हणाला. "तोवर या हाताने काही धरायचं नाही."

मुरलीकृष्णला मनापासून हसू आलं. "ऐकिलेंस?" तो मराठीत म्हणाला. "तो काय म्हणाला, ऐकिलेंस ना? कांहीं धरायचें नाहीं."

प्रणवेशने मान वर केली आणि सुंदरीकडे पाहिलं. तो थांबला होता. तिने एक शब्द मराठीत म्हटला असता, तरी पुरलं असतं.

"पट्टी कापा, सर," सुंदरी तमिळमध्ये म्हणाली. "बस चुकेल आमची."

त्याने कापली.